मोठी मशीन घ्यायच्या आधी पैसा कुठं अडकलाय ते बघा

मिरजेजवळच्या एका दादांनी विचारलंय की हळद-मिरची पावडर आणि कांदा-लसूण चटणीचा धंदा सहा वर्षं चालू आहे, पण वर्षाची विक्री गेली तीन वर्षं ३८ लाखांच्या आसपासच घुटमळतेय, "जीएसटीच्या आत ठेवतो", दुकानदारांकडं सव्वासात लाखाची उधारी आहे, महिन्याला चाळीसेक हजार सुटतात आणि घर त्यातच चालतं, तर आता १५ लाखांचं कर्ज काढून मोठी मशीन घेऊ का. आणि शेवटी एक ओळ, की आपल्यासारख्या विकसनशील देशात छोटा धंदा मोठा होतच नाही, ह्याला कारण भांडवल, सरकार की आपली माणसं?

मी आधी बँकेत कर्ज विभागात होतो, आता सांगलीत विश्रामबागेत बसून कुपवाड, मिरज, पलूस, विटा ह्या पट्ट्यातल्या छोट्या युनिटचे प्रोजेक्ट रिपोर्ट आणि पैशाच्या नियोजनाचं काम करतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, मशीन आत्ता नको. का ते पुढं सांगतो, आणि शेवटच्या ओळीचं उत्तर पण त्यातच येईल, कारण देशाचा प्रश्न आणि तुमच्या गाळ्याचा प्रश्न वेगळे नाहीत.

आधी मशीन. तुमचं आत्ताचं पल्वरायझर, म्हणजे दळायची मशीन, तासाला ५० किलो काढतं म्हणालात. ३८ लाखांची विक्री, सरासरी किलोला २०० रुपये धरले तर वर्षाला १९ हजार किलो माल झाला, महिन्याला सोळाशेच्या आत-बाहेर, पंचवीस दिवस काम धरलं तर दिवसाला ६४ किलो. म्हणजे मशीनला सव्वा तासाचं काम. हळदीनंतर मिरची घ्यायची म्हटल्यावर मशीन उघडून झाडून पुसून घ्यावी लागते, जाळी बदलावी लागते, तो वेळ धरून दुप्पट करा, अडीच तास. मग मशीन पुरत नाही असं का वाटतं? कारण एप्रिल-मेमध्ये आसपासच्या बायका वर्षाची मिरची कांडपाला घेऊन सकाळपासून दारात बसलेल्या असतात, त्यांना परत पाठवता येत नाही, मग तुमचा स्वतःचा माल रात्री निघतो आणि नेमकी त्याच दोन महिन्यात चटणीला पण मागणी असते. म्हणजे दहा महिने मशीन मोकळी आणि दोन महिने तुंबलेली. ह्याला उपाय १५ लाखांचा नाही, कांडपाला वेळ ठरवून द्या, सकाळी लोकांचं आणि दुपारनंतर आपलं, नंबर आदल्या दिवशी लिहून घ्या, फारच झालं तर सीझनपुरतं एक जादाचं कांडप भाड्यानं बघा.

आणि ६४ किलो १०० ग्रॅमच्या पाकिटात भरायचं म्हणजे रोजची ६४० पाकिटं, वजन करून, हातानं भरून, सील मारून. खरी अडचण तिथं असू शकते, ते मला इथं बसून दिसत नाही, तुम्ही एक आठवडा घड्याळ लावून बघा की माल दळून झाल्यापासून टेम्पोत चढेपर्यंत किती वेळ पडून राहतो. छोट्या युनिटमध्ये मला बऱ्याचदा हेच दिसतं की मालक ज्या मशीनसमोर उभा असतो तीच त्याला कमी पडल्यासारखी वाटते.

आता पैसा. तुमची उधारी सव्वासात लाख म्हणजे ७० दिवसांची विक्री दुकानदारांकडं पडून आहे. कच्चा माल, पॅकिंग, तयार पाकिटं धरून दोन महिन्यांचा स्टॉक असतो म्हणालात, वर्षाचा मालाचा खर्च ३० लाख धरला तर तो झाला पाच लाख. आणि मार्केट यार्डात हळद घ्यायची तर पैसे जवळजवळ रोखच, तिथं तुम्हाला फार मुदत मिळत नाही. म्हणजे ३८ लाखांचा धंदा करायला तुमचे बारा लाख कायमचे अडकलेत. ह्याच पद्धतीनं विक्री दुप्पट करायची झाली तर आणखी बारा लाख अडकणार, मशीनचे पैसे वेगळे. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये बहुतेक जण मशीनचं कोटेशन लावतात आणि हे बारा लाख विसरतात, मग मशीन येते, पूजा होते, नारळ फुटतो आणि चौथ्या महिन्यात हळद घ्यायला पैसे नसतात.

हप्त्याचं पण बघा. १५ लाख, पाच वर्षं, ११ टक्के धरले तर महिन्याला साडेबत्तीस हजारांच्या वर हप्ता बसतो. तुम्हाला सुटतात चाळीस हजार आणि घर त्यातच. मशीन आल्याबरोबर पहिल्या महिन्यापासून विक्री वाढली तरच हे जमेल, आणि पहिल्या महिन्यापासून विक्री वाढत नसते. पलूसकडं एका फॅब्रिकेशनवाल्यानं एकाच मोठ्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर दुसरी मशीन कर्जानं घेतली, काम भरपूर होतं, दोन पाळ्या चालायच्या, पण ते गिऱ्हाईक पैसे चार-चार महिन्यांनी द्यायला लागलं. बँकेचा हप्ता महिन्याला, येणं चार महिन्यांनी. ऑर्डर हातात असताना खातं थकलं. त्या माणसाला काम येत नव्हतं असं कुणीच म्हणणार नाही.

मग भांडवल महत्त्वाचं नाही का, तर आहेच, आणि ह्यावर चांगला अभ्यास झालेला आहे. श्रीलंकेत दे मेल, मॅकेन्झी आणि वुडरफ ह्या तिघांनी अगदी छोट्या धंदेवाल्यांना चिठ्ठ्या टाकून निवडून १० हजार किंवा २० हजार श्रीलंकन रुपये दिले, परत करायचे नाहीत असे. त्या पैशावर महिन्याला ५ टक्क्यांच्या आसपास जादा कमाई निघाली, वर्षाचं धरलं तर बँकेच्या व्याजापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे छोट्या माणसाच्या हातात थोडा पैसा आला तर तो खरंच कामाला लागतो, आणि बँका त्याला देत नाहीत ही तक्रार खरी आहे. पण तो पैसा होता थोडा आणि बहुतेकांनी तो मालात आणि कच्च्या सामानात घातला, म्हणजे जिथं अडत होतं तिथं. तुमच्याकडं मशीनमध्ये अडत नाही. तुमच्याकडं पैसा दुकानाच्या फळीवर आणि दुकानदाराच्या वहीत अडकलाय.

म्हणून पहिलं काम वहीचं. एक मोठा कागद घ्या, आडवा, डावीकडं दुकानाचं नाव, मग तीन रकाने: ३० दिवसांच्या आतली बाकी, ३१ ते ६०, आणि ६० च्या वरची. प्रत्येक बिल तारखेनुसार त्या त्या रकान्यात टाका, नुसती एकूण बाकी लिहू नका कारण एकूण बाकीत जुनं बिल लपतं. दुकानदार चालू बिलातले थोडे पैसे देतो, तुम्ही खूश होता आणि सहा महिन्यांपूर्वीचं बिल तसंच राहतं. माझ्याकडं जी खाती येतात त्यात शेवटच्या रकान्यातली बहुतेक रक्कम थोड्याच दुकानांकडं असते, आणि तीच दुकानं सगळ्यात मोठी असतात, म्हणून मालकाला बोलायची भीती वाटते. त्यांना माल बंद करू नका, एवढंच म्हणा की नवा माल येताना एक जुनं बिल पूर्ण निघालं पाहिजे, अर्धवट रक्कम नको. आणि वसुलीचा वार ठरवा. आपल्याकडं दुकानदाराला वार माहीत असला की तो गल्ल्यात बाजूला काढून ठेवतो, अवचित गेलं की "पुढच्या खेपेला" हेच उत्तर मिळतं.

७० दिवसांची उधारी ४० वर आली तर तीन लाखाच्या वर रक्कम मोकळी होते. व्याज नाही, तारण नाही, कुणाच्या सह्या नाहीत.

कायद्याचा आधार पण आहे पण तो किती वापरायचा हे तुमच्यावर. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्या, ऑनलाइन आहे, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत, नाहीतर रिझर्व्ह बँक ठरवते त्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि ऑनलाइन तक्रार करता येते. २०२३-२४ पासून इन्कम टॅक्समध्ये पण तरतूद आली, लोक ज्याला ४३बी एच म्हणतात ती, की वेळेत पैसे नाही दिले तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही. ह्याचा उपयोग मोठ्या कंपनीला माल देणाऱ्यांना जास्त होतो, कुपवाडच्या जॉबवर्कवाल्यांना मी आवर्जून सांगतो. तुमचा किराणा दुकानदार बहुतेक अंदाजे उत्पन्नाच्या पद्धतीनं टॅक्स भरतो, त्याला ह्याची झळ बसत नाही, आणि त्याच्यावर तक्रार केली तर पैसे मिळतील पण दुकान जाईल. तिथं वारच चालतो.

बँकेकडं जायचंच असेल तर मशीनचं टर्म लोन, म्हणजे ठरलेल्या हप्त्यांचं कर्ज, मागू नका, खेळत्या भांडवलाची मर्यादा मागा, सीसी म्हणजे कॅश क्रेडिट. छोट्या उद्योगाला अंदाजित वार्षिक विक्रीच्या २० टक्के खेळतं भांडवल द्यायचं अशी रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीची पद्धत बँका वापरतात, ५ टक्के तुम्ही घालायचे. पुढच्या वर्षी ५० लाखांची विक्री पटवून देता आली तर १० लाखांची मर्यादा बसते. आणि सूक्ष्म-लघु उद्योगाला निदान १० लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यावर सीजीटीएमएसई ह्या सरकारी निधीची हमी आहे. शाखेत हे लगेच कुणी सांगत नाही, घराचा उताराच मागतात, पण नम्रपणे विचारा, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेलो आहे म्हणून सांगतो, कर्ज अधिकारी कागदात मशीन शोधत नसतो, पैसे कुठल्या तारखेला कुठून परत येणार एवढंच त्याला बघायचं असतं. तो रकान्यांचा कागद घेऊन जा, त्याचा जेवढा उपयोग होईल तेवढा शंभर पानी रिपोर्टचा होणार नाही.

पण अंदाजित विक्री ५० लाख म्हणायची आणि रेकॉर्डवर ३८ च ठेवायची हे जमत नाही, आणि इथं मला तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द दिसतो, "जीएसटीच्या आत". तीन वर्षं विक्री ३८ ला थांबलीय ती बाजारानं थांबवलीय का तुम्हीच थांबवलीय? मालाच्या विक्रीला नोंदणीची मर्यादा ४० लाख आहे म्हणून मार्च जवळ आला की हात आखडता घेणारे, बिल न करणारे, बायकोच्या नावावर दुसरं युनिट काढणारे मी खूप बघितलेत. प्रत्येक जण त्याच्या जागी शहाणपणानंच वागत असतो, पण त्यानं धंदा ४० लाखांच्या भिंतीला टेकून बसतो. भिंतीच्या आत राहून पुण्याच्या वितरकाला माल देता येत नाही कारण त्याला टॅक्सचं बिल लागतं. बेळगाव-निपाणी एवढं जवळ, पण राज्याबाहेर माल पाठवायचा तर नोंदणी आधी. बँक रेकॉर्डवरचाच आकडा धरते. मशीनवर आणि पॅकिंगवर भरलेल्या टॅक्सची वजावट मिळत नाही.

आणखी एक. ती ४० लाखांची सूट फक्त माल विकणाऱ्याला आहे, कांडपाची मजुरी घेता ती सेवा झाली, आणि सेवा देणाऱ्याची मर्यादा २० लाख आहे. तुमच्या बाबतीत हे कसं बसतं ते तुमच्या सीएला ह्याच आठवड्यात विचारा, नोटीस आल्यावर नको. नोंदणी घेतल्यावर सगळ्यांनाच महिन्याचे रिटर्न भरावे लागतात असं नाही, दीड कोटीपर्यंतच्या विक्रीला कंपोझिशन नावाची सोपी योजना आहे, उत्पादकाला १ टक्का, तिमाहीला भरणा, पण त्यात राज्याबाहेर विकता येत नाही आणि गिऱ्हाइकाला वजावट देता येत नाही. गावातच विकायचं असेल तर कंपोझिशन, पुणे-कर्नाटक डोक्यात असेल तर रेग्युलर. हे तुमच्या इराद्यावर आहे.

देशपातळीवर हेच चित्र दिसतं. शेय आणि क्लेनाव ह्या दोन अर्थतज्ज्ञांनी भारत, मेक्सिको आणि अमेरिकेतल्या कारखान्यांची वयानुसार तुलना केली, २०१४ ला छापली. अमेरिकेत ४० वर्षं टिकलेल्या कारखान्यात नव्या कारखान्याच्या सात पटीपेक्षा जास्त कामगार असतात, आपल्याकडं आणि मेक्सिकोत जेमतेम दुप्पट. म्हणजे आपले धंदे मरत नाहीत, टिकतात, पण वाढत नाहीत. सांगलीच्या गणपती पेठेतून एक चक्कर मारा, तीन-तीन पिढ्यांची दुकानं आहेत, नाव आहे, चोख व्यवहार आहे, आणि आकार आजोबांच्या वेळचाच. ह्यात वाईट काही नाही, ज्याला तेवढंच हवंय त्यानं तसंच राहावं. पण तुम्ही वाढायचं विचारताय.

माझ्या मते वाढ अडण्याचं सगळ्यात मोठं कारण भांडवल पण नाही आणि सरकार पण नाही, मालक एकटा असणं हे आहे. तुम्हीच लिहिलंय, हळदीच्या सौद्याला तुम्ही, दळायला तुम्ही, टेम्पो तुम्ही चालवता, वसुलीला पण तुम्हीच. दिवस संपला. तुमची विक्री ३८ लाखांच्या वर जात नाही कारण एक माणूस एका टेम्पोनं एवढीच दुकानं फिरू शकतो. मशीन दुप्पट केली तरी तुम्ही दुप्पट होत नाही.

ह्यावर एक अभ्यास आपल्या तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड गिरण्यांवर झालाय, निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१३ ला आला. १७ कंपन्यांचे २८ कारखाने होते, त्यातल्या काहींना सल्लागार फुकट दिले, काही महिने. काय शिकवलं, तर अगदी साधं, सूत कुठलं कुठं ठेवलंय त्याला चिठ्ठी लावा, मशीन बंद पडायच्या आधी तेलपाणी करा, कापडात दोष निघाला की लिहून ठेवा आणि रोज बघा. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त पटली. कंपनी किती मोठी होणार हे कशावरून सांगता येत होतं, तर मालकाच्या घरात किती पुरुष माणसं आहेत त्यावरून. भाऊ, मुलगा, पुतण्या जेवढे तेवढे कारखाने, कारण बाहेरच्यावर किल्ल्या सोपवायचा विश्वास नाही. चोरी झाली तर कोर्टात जाऊन काही हाती लागेल असं वाटत नाही. आणि ज्या कंपन्यांनी नोंदी ठेवायला सुरुवात केली त्यांनी खालच्या माणसाला जास्त अधिकार दिले आणि पुढं आणखी कारखाने काढले, कारण कागदावर सगळं दिसायला लागल्यावर स्वतः तिथं उभं राहायची गरज कमी झाली.

आपल्या जिल्ह्यात हे वेगळ्या रूपात दिसतं. विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाईची माणसं, सोनं-चांदी गाळणारी, दुष्काळी भागातून निघून देशभर पसरली, केरळ-तामिळनाडूत जा नाहीतर उत्तरेत जा, सराफ बाजारात आपल्याकडचा माणूस भेटतो. कसे वाढले? एकानं जम बसवला की गावाकडून भाचा, मेव्हणा, शेजारचा पोरगा नेला, त्याला काम शिकवलं, पुढच्या गावात बसवलं. सोन्याच्या धंद्यात विश्वास नसला तर एक दिवस चालत नाही, तो विश्वास त्यांनी नात्यातून आणि गावातून आणला. ज्याला असा गोतावळा आहे त्यानं तो जरूर वापरावा. नसेल तर विश्वासाची जागा नोंदींनी भरावी लागते, तिसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

म्हणून मशीनच्या हप्त्याच्या निम्म्या पैशात एक माणूस ठेवा, १५-१६ हजारांत टेम्पो चालवणारा आणि माल टाकणारा मुलगा आपल्याकडं मिळतो. त्याच्या हातात छापील डिलिव्हरी चलन द्या, तीन प्रती, दुकानदाराची सही आणि शिक्का. पैसे शक्यतो क्यूआरवर सरळ खात्यात, मुलाच्या हातात रोकड कमी. पहिले दोन महिने तुम्ही जुन्या दुकानांवर त्याच्याबरोबर जा, मग त्याला जुनी दुकानं द्या आणि तुम्ही नवी उघडा. नवीन दुकान मालकानंच उघडावं, ते नोकराकडून होत नाही.

आणि वहिनींबद्दल, तुम्ही लिहिलंय "मिसेस हातभार लावतात". काय हातभार लावतात ते लिहिलेलं नाही. पॅकिंग त्या बघतात, कामाच्या बायका त्याच सांभाळतात, चटणीची चव त्यांची आहे असं मला तुमच्या बाकीच्या लिहिण्यावरून वाटतं, मग वही त्यांच्याकडं द्या, रीतसर, बँकेच्या खात्यावर नाव घालून. तारापूरच्या अभ्यासात घरातले पुरुषच मोजलेत कारण तिथं कारभार पुरुषांच्याच हातात होता, पण तो आपल्याकडचा नियम असायचं काही कारण नाही. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी बँक १९९७ पासून उभी आहे, दुष्काळी तालुक्यातल्या बायकांची, सुरुवातीला बायकांना लिहिता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला होता, तर त्या बायका व्याजाचे हिशोब तोंडी करून दाखवायला गेल्या आणि परवाना घेऊन आल्या. तुमच्या घरात विश्वासाचा दुसरा माणूस आधीच आहे, तो शोधायला भाचा-पुतण्या लागत नाही.

विक्री कुठं वाढवायची ह्यावर थोडं. वर्षाची चटणी हा तुमचा सगळ्यात चांगला धंदा आहे आणि तुम्ही त्याला सगळ्यात कमी महत्त्व दिलंय असं मला वाटतं. पुण्या-मुंबईत राहणारी आपली माणसं उन्हाळ्यात गावाकडून चटणी नेतात, घरी आता करणारं कुणी राहिलं नाही, म्हणून विकत घेतात, पाच-दहा किलो एकदम, पैसे रोख, आणि मार्चमध्ये बुकिंग घेतलं तर निम्मे पैसे आधी मिळतात. त्या पैशात तुमची मिरची येते. दुकानदार माल घेऊन ७० दिवसांनी पैसे देतो आणि हे गिऱ्हाईक माल मिळायच्या आधी देतं, दोन्हीत किती फरक आहे बघा. जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर एका ठिकाणी लिहा, फेब्रुवारीत व्हॉट्सॅपवर भाव आणि तारीख टाका. हळदीचं म्हणाल तर सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, बाहेरगावी ते नाव चालतं, पण पाकिटावर ते चिन्ह छापायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, नुसतं छापू नका.

आणि सीझनला वर्षाची हळद भरून ठेवायचा मोह टाळा. २०२३ मध्ये हळद काही महिन्यांत दुपटीच्या वर गेली तेव्हा ज्यांनी भरली होती ते कमावून गेले, ते बघून नंतर कर्ज काढून भरणारे बरेच झाले. तो व्यापाऱ्याचा धंदा आहे, त्याला तोटा सोसायची ताकद असते. तुम्ही तीन-चार महिन्यांचा माल घ्या.

वीज, रस्ते, सरकार ह्यावर मी थोडक्यातच बोलतो कारण ते तुमच्या हातात नाही, पण खोटं पण नाही. व्होल्टेज पडून मोटर जळते, परवान्याच्या फाइली फिरतात, योजना कागदावर चांगल्या असतात. प्रक्रिया उद्योगाच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान होतं, मशीन घ्यायचं ठरलं तर तेव्हा काय चालू आहे ते कृषी विभागात आणि जिल्हा उद्योग केंद्रात विचारा, फक्त अनुदान मिळतंय म्हणून मशीन घेऊ नका. ते पैसे लगेच हातात येत नाहीत, आणि हप्ता मात्र सुरू झालेला असतो.

एक गोष्ट मात्र आपल्या भागात सरकारइतकीच मोठी आहे, ती म्हणजे पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि परत २०२१ मध्ये सांगलीत किती दुकानांचा माल गेला हे तुम्ही बघितलंय, हळद-मिरची भिजली की ती शून्य. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी पेपरात येते तेव्हा माल हलवायला उशीर झालेला असतो. तुमचा गाळा उंचावर असला तरी गोदाम आणि ज्या दुकानांत उधारीवर माल आहे ती दुकानं कुठं आहेत तेही बघा. स्टॉकचा विमा घेताना नुसता आगीचा घेऊ नका, त्यात वादळ-पूर समाविष्ट आहे असं पॉलिसीवर लिहिलेलं पाहिजे, आणि स्टॉक रजिस्टर रोजचं हवं, नाहीतर क्लेमच्या वेळी किती माल होता हे दाखवता येत नाही. बरेच जण तिथंच अडकले.

मोठं व्हायला वेळ लागतो ह्याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर सुरुवातीला घ्यायला कुणी तयार नव्हतं, लोखंडानं जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं, पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली. नंतर बेळगावची जागा सोडावी लागली, मग औंध संस्थानानं कुंडल रोडजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. माणूस कर्तबगार होताच, पण वाट बघू शकणारं भांडवल आणि मागं उभं राहणारा राजा पण होता. आज छोट्या माणसामागं असं कुणी नाही, म्हणून त्यानं महिन्याच्या हप्त्याच्या पैशात वाट बघायचा धंदा करू नये.

मशीनला कायमचं नाही म्हणत नाही मी. उधारी ४५ दिवसांच्या आत येऊन सहा महिने तिथंच राहिली, नोंदणी घेऊन विक्री ५०-५५ लाखांवर गेली, टेम्पोवर दुसरा माणूस बसला, आणि तरीही सीझन सोडून मशीन दिवसाला सहा-सात तास चालायला लागली, तर मला तेव्हाचे आकडे पाठवा, मग १५ कशाला, कदाचित सात-आठ लाखांत काम भागेल आणि ऑटोमॅटिक पॅकिंग आधी घ्यायचं का दळण आधी हे पण बघता येईल. आत्ता फक्त तो तीन रकान्यांचा कागद करा आणि सीएला कांडपाच्या मजुरीचं विचारा.